बाहेरची कडी

धोंडाबाईच्या मधल्या खोलीच्या दाराला बाहेरून जी कडी होती, ती तिनं स्वतः उभं राहून बसवून घेतली होती. अंगठ्याएवढ्या जाड गजाची, हातभर लांब. नातू सार्थक तेव्हा तान्हा होता आणि शेजारच्या साळुबाईच्या दारातलं करडू बिबट्यानं भरदुपारी उसात ओढून नेलं होतं.

"वाघाला कडी काढता येती का रं?" तिनं लोहाराला विचारलं होतं.

"न्हाई, आजी."

"मंग अशी बसव, की माणसालाबी दोन हात लागले पायजेत."

त्याच दिवशी खोलीच्या खिडकीला पत्रा ठोकला. गावठाणातलं घर सोडून ही माणसं बोरीच्या मळ्यात राहायला आली त्याला बरीच सालं झाली होती. घराच्या तीन अंगांना ऊस, चौथ्या अंगाला पाट, आणि शेजार म्हणायचा तर पाटापलीकडच्या एकट्या साळुबाईचा. घरात माणसं चार. धोंडाबाई, तिचा लेक भगवंत, सून आरती आणि हे लेकरू. भगवंत पिकअप घेऊन पहाटे जायचा तो दिवेलागणीला यायचा. राहिल्या दोघी, आणि दोघींच्या जिवावर सगळं रान. सकाळी भाकरी बांधायची, पोराला पाजायचं, धान्याची कोठी आणि भिंत यांच्या बेचक्यात गोधडीवर ठेवायचं, कडी लावायची आणि निघायचं. दुपारी एकदा येऊन पाजायचं. पुन्हा कडी.

आधी आधी पोर रडलं. चांगलं रानभर ऐकू यायचं. आरती वाफ्यात बसलेली असायची आणि तिचं पोलकं पुढून दुधानं भिजायचं. ती खुरपं खाली ठेवायची.

"बस खाली," धोंडाबाई मान वर न करता म्हणायची. "रडल्यानं छाती भरती पोराची. एकदा उचललंस की त्याला कळतंय, रडलं की आई येती. मंग जलमभर कडंवर घेऊन फीर. रडू दे. आपुआप शिकतंय."

आणि पोर शिकलं. एके दिवशी सकाळी कडी लागली आणि आतून आवाज आला नाही. दुपारी आरती धावत गेली, दार उघडलं, तर पोर जागं होतं. नुसतं आढ्याकडं बघत पडलं होतं.

"बघितलंस?" धोंडाबाई मागून येत म्हणाली. "माझी पाच पोरं मी अशीच वाढवली."

त्या दिवसापासून तिनं गावभर सांगायला सुरुवात केली, की असलं गुणाचं लेकरू पंचक्रोशीत नाही. रडणं नाही, हट्ट नाही, अंगाशी येणं नाही. ठेवलं तिथं बसतंय. लोकांची पोरं म्हणजे माकडं, आणि आमचा सार्थक म्हणजे देव्हाऱ्यातला बाळकृष्ण.

तो आता सहाव्या वर्षात होता. अजून ठेवला तिथं बसत होता.

माघ सरत आला तशी टोमॅटोच्या लागणीची घाई उठली. बेड पाडून झाले, मल्चिंगचा कागद अंथरून झाला, ठिबकच्या नळ्या ओढून झाल्या. रोपवाटिकेतून ट्रे भरून गाडी आली. गाडीवाला ट्रे उतरवायला लागला तसं धोंडाबाईनं त्याला हातानंच थांबवलं. एक रोप देठाला धरून अलगद उपसलं, मुळं डोळ्यांजवळ नेली, आणि ट्रे परत गाडीत सारला.

"जून रोप हाय हे. मुळी बघ, भोकाच्या कडंनं गरागरा फिरलीय. कुणाची ऑर्डर मोडली आन माझ्या गळ्यात घालतोस?"

"आजी, चार दिवस इकडं तिकडं झालं असतील. रान तुमचं भारी हाय. लागल्यावर येतंय भरून."

"काय येतंय भरून? ट्रेमधीच जिची मुळी आखडली, तिला पुढं समिंदर पाजला तरी ती वीतभरच राहती. मी काय आज शेती करती व्हय रं? उचल."

त्यानं उचललं. संध्याकाळी तोच माणूस ताजं रोप घेऊन आला आणि चहाही न घेता गेला. धोंडाबाईनं रोप नाकारलं म्हणजे रोपात खोट असणारच, हे बोरीत ठरून गेलेलं होतं.

लागणीला बायांची टोळी यायची ती आंबेगावच्या वरच्या अंगाकडून, डोंगरातून. भाताची कामं संपली की तिकडच्या बाया टेंपोत उभ्यानं येत आणि उभ्यानंच जात. त्यांच्यात चिमाबाई नावाची एक होती. पाठीला लुगड्याच्या झोळीत दोन-अडीच वर्षांची पोरगी बांधलेली. चिमाबाईचे हात बेडवर चालायचे आणि तोंड पाठीवरच्या पोरीशी.

"बघ गं आंबे, ही रोपाबाई. हिला घरात घातली. आता हिच्या पायावर माती. कुणी घातली माती?"

"मी," पाठीवरून आवाज.

"तू कुटं घातली, लबाडे? मी घातली."

"मी."

"बरं बाई, तू."

बाया हसायच्या. ऊन चढल्यावर चिमाबाईनं पोरीला खाली सोडली, तर ती ट्रेपाशी जाऊन उभी. "दोन आण गं," चिमाबाई म्हणाली की ती दोन आणायची, एका हातात एक, दुसऱ्या हातात एक. मग चिमाबाईनं मुद्दामच तीन मागितली. पोरगी ट्रेपाशी थांबली. आपले दोन्ही हात तिनं उलटेपालटे करून बघितले. मग तिसरं रोप दातांत धरलं आणि ऐटीत चालत आली.

सगळ्या बाया कमरेवर हात ठेवून हसल्या. आरतीसुद्धा हसली, आणि सासूकडं लक्ष जाताच खाली वाकली.

"रोप हाय का ऊस हाय, दातात धरायला?" धोंडाबाई बांधावरून म्हणाली. "चिमे, तोंडाला जरा कुलूप लाव. मी रोजगार हाताचा देती, तोंडाचा न्हाई."

"तोंडाचा फुकटच हाय, आजी. हात थांबला का सांगा."

हात थांबला नव्हता. तेच तर धोंडाबाईला खुपलं.

टोळीतली एक म्हातारी घाम पुशीत म्हणाली, "आजी, तुमचा नातू कुटं दिसत न्हाई? एवढा गुणाचा म्हंत्यात."

"घरात हाय. माझा नातू असा रानोमाळ हिंडत न्हाई. हिंदी बोलतोय आत्ताच."

"अगं बया. आणा की मंग, बघू तर द्या."

"आई, राहू द्या," आरती हळूच म्हणाली.

तेवढंच निमित्त झालं. आरती गप्प बसली असती तर धोंडाबाई कदाचित गेली नसती. ती ताडताड घरी गेली, दोन हातांनी कडी सरकवली. सार्थक कोठीच्या बेचक्यात बसला होता. भगवंतनं दिलेला जुना मोबाईल त्याच्या मांडीवर होता. त्याची बॅटरी कधीच उतरली होती, काच काळी पडली होती, आणि पोरगं त्या काळ्या काचेकडं बघत पुढं मागं डोलत होतं. तिनं त्याला मनगटाला धरून उठवलं. उन्हात आल्यावर त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले. ती त्याला तसाच बांधापर्यंत घेऊन आली.

"बोल, सार्थक. हिंदी बोलून दाखव आजीला."

पोरगं कुणाकडं बघत नव्हतं. खालच्या कागदावर ऊन चमकत होतं, त्याच्याकडं बघत ते म्हणालं, "लाईक करो, शेअर करो, घंटी दबाओ."

बाया खळखळून हसल्या. धोंडाबाईचा चेहरा फुलला.

"लाईक करो, शेअर करो, घंटी दबाओ." तोच सूर, तीच पट्टी. पुन्हा. आणि पुन्हा. हसणं एकेकीच्या तोंडावरून उतरत गेलं.

"बास आता. जा, आजीला दोन रोपं आण. त्या ट्रेमधनं. दोन." धोंडाबाईनं दोन बोटं दाखवली, हात लांब करून ट्रे दाखवला. पोरगं तिच्या बोटांकडं बघत राहिलं. बोटाच्या पुढं काही असतं हे त्याच्या गावीच नव्हतं. तेवढ्यात आंबी पळाली, दोन रोपं घेऊन आली आणि त्याच्या हातात दिली. हात मिटला नाही. रोपं खाली पडली. तो उकिडवा बसला आणि डोलायला लागला.

चिमाबाई त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली. मान वाकडी करून त्याच्या डोळ्यांत बघायला गेली. त्यानं मान फिरवली.

"आजी, पोरगं डोळा देत न्हाई व."

"तुला काय करायचंय त्याच्या डोळ्याशी?"

"तसं न्हाई, आजी. आमच्याकडं करडू जन्मल्यावर आईनं चाटलं न्हाई, तर ते असंच करतंय. जगतंय, खातंय, पण कळपात मिसळत न्हाई. म्हणून म्हणलं."

आरतीनं हातातलं रोप कुठं लावायचं ते विसरल्यासारखं धरून ठेवलं होतं.

धोंडाबाईचा आवाज रागात चढत नसे, बारीक होई. "माझ्या नातवाला शेळीच्या करडाची बरोबरी लावलीस," ती म्हणाली. "पाठीवर पोर टाकून गावोगाव फिरणाऱ्यांनी आमच्या घरातलं तोलू नये. उद्यापासून पोर घेऊन माझ्या बांधावर पाय ठेवायचा न्हाई."

चिमाबाईनं ठिबकच्या नळीवर हात धुतले, पोरगी पाठीला बांधली, आणि टेंपो येईपर्यंत रस्त्याच्या कडेला उन्हात बसून राहिली. बाकीच्यांनी ओळ संपवली.

दुसऱ्या दिवशी टेंपो बांधावरून गेला, थांबला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

निम्मं रान लागणीवाचून पडलं. उरलेले ट्रे घराच्या सावलीला ओळीनं मांडलेले. धोंडाबाई त्यांच्यावर पाणी शिंपडायची, रोज सकाळी एक रोप उपसून मुळी बघायची आणि काही न बोलता परत ठेवायची. बेल्ह्यापासून नारायणगावापर्यंत बायांसाठी निरोप गेले. सगळीकडंच लागण, बाया कुठून मिळणार? शिवाय डोंगरातल्या बाया एकमेकींना सगळं सांगतात.

त्या खोळंब्यात आरतीनं तोंड उघडलं.

"रान तसंबी पडलंय. उद्या जुन्नरला जाऊन येऊ. अंगणवाडीच्या नूतनताईंनी एका डॉक्टरबाईंचं सांगितलंय. जूनला शाळेत घालायचा हाय त्याला."

"नूतनताईला काय, दुसऱ्याच्या घरात डोकावायचा पगार मिळतो." धोंडाबाई तांदूळ निवडत होती. "पण जाऊ. मी येणार संगं. माझ्या नातवात काय खोट काढत्यात ते मला माझ्या कानांनी ऐकू दे."

दवाखाना जुन्नरच्या जुन्या बाजाराच्या मागच्या गल्लीत होता. डॉक्टरबाई आरतीच्याच वयाची. ते बघून धोंडाबाईला धीर आला. ही काल जन्मलेली काय सांगणार?

बाईंनी सार्थकच्या कानामागं खुळखुळा वाजवला. त्यानं मान वळवली.

"कान चांगले आहेत."

"वाईट हाईत असं कोण म्हणलं?"

मग बाईंनी एक लाल चेंडू त्याच्यासमोर ठेवला. तो बघत होता. बाईंनी त्याच्या डोळ्यांदेखत चेंडूवर वाटी पालथी घातली. झालं. पोराच्या लेखी चेंडू जगातून गेला. त्यानं वाटीला हात लावला नाही, इकडं तिकडं शोधलं नाही, तक्रार केली नाही. बाईंनी वाटी उचलली, चेंडू दाखवला, पुन्हा झाकला. पुन्हा तेच. धोंडाबाईच्या हाताला खाज सुटली.

"अरं वाटीखाली हाय, मुडद्या."

"आजी, तुम्ही नका सांगू."

बाईंनी वाटी बाजूला ठेवली आणि आरतीला विचारायला सुरुवात केली. बाळंतपण नीट झालं का? झालं. लगेच रडला? रडला.

"दूध ओढायचा?"

"ओढायचा. माझ्याकडं बघायचापण." आरतीचा आवाज एकदम वेगळाच झाला. "दूध पिताना टक लावून बघायचा. मी हसले की तोंडातलं सोडून हसायचा. दूध गळायचं गालावरून."

"मग?"

आरती फरशीकडं बघायला लागली.

"दिवसभर त्याच्याजवळ कोण असायचं?"

"घरात असायचा," धोंडाबाई म्हणाली. "कडीबंद. आमच्याकडं वाघ हाय, बाई. तुमच्या गल्लीत येत न्हाई तो."

"बरोबर आहे. पण घरात त्याच्याजवळ कोण?"

वर पंखा फिरत होता. त्याचं एक पातं डुगडुगत होतं.

"कोठी व्हती," आरती म्हणाली.

बाईंनी खुर्ची धोंडाबाईकडं वळवली. "आजी, मूल आ करतं तेव्हा समोरून कुणीतरी आ म्हणावं लागतं. ते रडलं की कुणीतरी यावं लागतं. असं हजारदा झालं की त्याच्या मेंदूत जोडण्या होतात. मी हे केलं की ते होतं, गेलेलं माणूस परत येतं, झाकलेली वस्तू खाली असतेच. विचार करणं, शिकणं, लक्ष देणं, सगळं त्यावरच उभं राहतं. पहिल्या दोन-तीन वर्षांत हे काम फार जोरात चालतं. समोरून काहीच आलं नाही तर त्या जोडण्या होत नाहीत, झालेल्याही सुकतात. पुण्याला पाठवते, आणखी तपासण्या करून घ्या, दुसरं काही असेल तर तेही कळेल. पण तुम्ही जे सांगताय त्यावरून मला हे दिसतंय."

"माझी पाच पोरं अशीच वाढली. एकाला म्हणून मी कडंवर घेतलं न्हाई. त्यातलं एक आज तलाठी हाय."

"तेव्हा घरात माणसं किती होती, आजी?"

धोंडाबाईनं फटकन उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिच्या डोळ्यांसमोर गावठाणातलं घर उभं राहिलं. सासू. दोन जावा. जावांची पोरं. आंधळा चुलतसासरा, दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या जाणाऱ्याला हाका मारणारा, मांडीवर कुणाचं ना कुणाचं पोर. भिंतीला भिंत लागून शेजार. तिनं कधी पोर उचललं नाही हे खरं, पण तिची पोरं जमिनीला कधी टेकलीही नव्हती. ती माणसांत टाकून रानात जात होती. माणसं इतकी होती की ती तिला कधी दिसली नव्हती.

"व्हती पुष्कळ," ती म्हणाली. "खायला."

मग तिनं पदर सावरला. "औषध लिहून द्या. भारीतलं द्या."

"औषध नाही याला."

"सुई?"

"नाही. बोलायचं, आजी. जवळ घ्यायचं, खेळायचं. रोज, दिवसभर. शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांच्याकडं आणायचं. काही सुधारेल."

"काही म्हंजी?"

"काही. लवकर आला असता तर जास्त. आता सगळं भरून येईल असं मी सांगणार नाही."

धोंडाबाईचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासलं गेलं, देठ धरल्यासारखं. तिनं हात पदराला पुसला. हाताला काही लागलेलं नव्हतं.

परतीच्या एसटीत सार्थक खिडकीशी बसला होता आणि पुढच्या सीटच्या लोखंडी नळीकडं बघत होता. बाहेर द्राक्षाच्या बागा जात होत्या, ऊस जात होता.

"आई," आरती बऱ्याच वेळानं म्हणाली, "तो बघायचा माझ्याकडं."

एवढंच म्हणाली. ती रडली असती, भांडली असती, तर धोंडाबाईकडं तिच्यासाठी शंभर शब्द होते. धोंडाबाईला उत्तर सुचलं नाही असं गावानं आजवर पाहिलं नव्हतं. बसमध्ये गावचं कुणी नव्हतं, तेवढं बरं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रस्त्याला जाऊन उभी राहिली. टेंपो दिसताच तिनं हात केला. ड्रायव्हरनं थांबवला, कारण हात धोंडाबाईचा होता. बाया वरून बघत होत्या.

"चिमे, उतर. रान पडलंय. रोप चाललंय जून."

"साळुबाईंना शब्द दिलाय, आजी, या आठवड्याचा."

"मंग पुढच्या आठवड्याला ये."

"आन माझी आंबी लई बडबडती. तुमच्या रानात चालत न्हाई."

धोंडाबाईनं उन्हाकडं हात धरला, जणू ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून ती खाली बघत होती. "चालंल," ती म्हणाली. "बडबडू दे."

चिमाबाईला ते बोलणं ऐकून बरं वाटलं असेल, पण तसं तिच्या तोंडावर दिसलं नाही. उलट तिनंच नजर काढून घेतली. "न्हाई व जमायचं, आजी," ती म्हणाली. टेंपो हलला. पाठीवरच्या पोरीनं धोंडाबाईला हात हलवून टाटा केला. धोंडाबाईचा हात वर झाला आणि तसाच राहिला.

घरी येऊन तिनं ट्रेमधलं रोप उपसलं. मुळी पिवळट पडून भोकाच्या आकाराची झाली होती, गोल, घट्ट, स्वतःलाच गुंडाळलेली. भगवंत त्या दिवशी गाडी सोडून घरीच थांबला होता. तो शेजारी येऊन उभा राहिला.

"दुसरं मागवू का, आई? हे जून झालं."

"लावून टाका."

"तूच म्हणतीस, असलं रोप..."

"लावा म्हणलं ना." ती त्याच्यावर खेकसली. "फेकून द्यायचं व्हय आता?"

भगवंतनं ट्रे उचलले. आरती डोक्याला फडकं बांधून निघाली, आणि सवयीनं सार्थकचा हात धरून मधल्या खोलीकडं वळली.

"ठेव त्याला हितंच ओट्यावर," धोंडाबाई म्हणाली. "तू जा रोपाला. मी बसती घरी."

आरती बघतच राहिली. लागणीच्या दिवसांत ही बाई तापानं फणफणलेली असतानाही घरी बसली नव्हती.

"जा की. का माझं तोंड बघतीस?"

दोघं गेली. पाटाच्या कडेनं जाताना त्यांचे आवाज ऐकू आले आणि मग आले नाहीत. धोंडाबाई ओट्यावर बसली. समोर नातू बसला. तिनं पाटापलीकडं बघून घेतलं, साळुबाई अंगणात नव्हती.

"सार्थक."

काही नाही.

"सार्थक, हा तांब्या. म्हण, तांब्या."

तिचं तिलाच कसंतरी वाटलं. सगळा जन्म ती बोलत आली होती. गड्याशी, सुनेशी, व्यापाऱ्याशी, भावबंदांशी. तिच्या तोंडाला अख्खी बोरी भीत होती. पण हे कर, ते आण, गप्प बस, मेल्या, यापलीकडं लहान पोराशी काय बोलायचं असतं ते शब्द तिला सापडेनात. तिनं त्याला उचलून मांडीवर घेतलं. तो फळीसारखा ताठ झाला. त्याचं डोकं तिच्या हनुवटीखाली आलं, त्याच्या केसांना बंद खोलीचा, धान्याचा वास येत होता. हा वास तिला नवा होता.

तिनं अंगणातली चिमूटभर माती घेतली. त्याच्या पायावर टाकली.

"कुणी घातली माती?"

ती थांबली. चिमाबाई थांबायची तेवढी थांबली.

"मी," ती स्वतःच म्हणाली. "मी घातली."

सार्थक तिच्या मांडीवरून घसरला. उठला. धोंडाबाईनं बघितलं, तो कुणी न सांगता चालायला लागला होता. उंबरा ओलांडून तो मधल्या खोलीत गेला, कोठीच्या बेचक्यात जाऊन बसला आणि दाराकडं तोंड केलं. ती मागोमाग आली. तो दाराकडं बघत होता. नुसता बघत नव्हता, वाट बघत होता. पोरगं कशाची तरी वाट बघतंय हे ती पहिल्यांदाच पाहत होती. तिला इतका आनंद झाला, की ती मटकन त्याच्यासमोर बसली.

"कुणाची वाट बघतोस रं? माझी? ही काय, आले मी."

त्यानं मान वाकडी करून तिच्या खांद्यावरून दाराकडं बघितलं. दार उघडं होतं. बाहेरचा उजेड आत येत होता. त्याच्या नाकपुड्या फुलल्या. घशातून बारीक कुईं असा आवाज आला, मग मोठा. मग त्यानं डोकं मागं भिंतीवर आपटलं. एकदा, परत, परत, घड्याळासारखं. धोंडाबाईनं आपला पंजा भिंत आणि डोकं यांच्या मध्ये घातला. डोकं पंजावर आपटत राहिलं. तिच्या बोटांची हाडं भिंतीत रुतायला लागली.

"काय पायजे तुला? मोबाईल पायजे? भाकर देऊ? सांग की रं राजा, काय पायजे?"

आणि विचारता विचारताच तिला कळलं. माणसं रानाला गेली. आता जे व्हायचं ते राहिलंय. रोज होतं ते. साऱ्या जगातली ही एकच गोष्ट त्याला नेमकी ठाऊक होती, हिच्यामागून हे येतं, एवढं एकच. बाकी काहीही त्याच्या हाकेला आलं नव्हतं.

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. बाहेर आली. दार ओढून घेतलं. कडी जड होती, तिनं दोन हातांनी सरकवली. लोखंडावर लोखंड पडलं.

आत आपटणं थांबलं. कुईं थांबलं. सगळं शांत झालं, तिला आजवर आवडत होतं तसं.

ती दाराला कान लावून खाली बसली. पदर डोक्यावरून सरकला तो तिनं ओढला नाही. आत पोर डोलत असणार, गोधडीचा आवाज येत होता, सरक, सरक.

वारा रानाकडून होता. पाटाच्या कडेनं आरतीची हाक स्पष्ट आली.

"आई, रडतोय का ओ?"

"न्हाई," धोंडाबाई म्हणाली. "गप्प हाय."

पण ते रानापर्यंत पोचेल एवढ्या मोठ्यानं नव्हतं. आरती थोडा वेळ थांबली असावी. मग तिनं पुन्हा हाक मारली.